खाज कुठली, पाला कुठला

माजलगाव तालुक्यातल्या दिंद्रुडात श्रावणात कुणाच्याही ओसरीवर जरा वेळ बसा. कुणी सोयाबीन खुरपून आलेलं असतं, कुणी कापसावर फवारा मारून, आणि दोघातिघांत एकजण तरी मान नाहीतर मनगट खाजवत असतो. त्याला उपाय सांगायला सगळेच तयार. “लिंबाचा पाला उकळून आंघोळ कर.” “तरोटा वाटून लाव.” “कोरफड चोळ, उद्या काही राहणार नाही.”

हे उपाय खोटे नाहीत. पण पाला सांगणारे दहाजण भेटतात आणि खाज कशाची आहे हे विचारणारं कुणी भेटत नाही, तिथेच सगळं बिनसतं. म्हणून आपण क्रम लावून घेऊ. आधी खाज ओळखायची, मग धुवायचं, मग झाड ओळखून आणायचं, मग तयारी, मग थोड्या जागेवर चाचणी, आणि तिथे निभावलं तरच लावायचं. पहिली दोन कामं लोकांना कंटाळवाणी वाटतात. माझ्या मते निम्मा गुण त्यांचाच असतो.

खाज ओळखायला दिवसाचा उजेड आणि तीन प्रश्न पुरतात. कुठे आहे? केव्हा वाढते? घरात आणखी कुणाला आहे का?

रात्री अंथरुणात शिरल्यावर खाज वाढत असेल, बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कंबरेभोवती बारीक पुरळ असेल आणि घरातल्या आणखी कुणालाही ती सुरू झाली असेल, तर ती बहुधा खरूज. डोळ्यांना सहज न दिसणारा एक किडा कातडीच्या वरच्या थरात बीळ करून अंडी घालतो, त्याची ही खाज. ती एका माणसाची नसते, सगळ्या घराची असते.

गोल चट्टा, कड लालसर आणि उठलेली, मधला भाग निवळलेला, आणि जागा जांघेची किंवा करदोड्याची असेल, तर तो नायटा. गजकर्ण म्हणतात तेही हेच. ही बुरशी आहे, भिंतीला ओल आली की चढते तशी, घामाने ओल्या राहणाऱ्या कातडीवर चढणारी. पायाच्या बोटांमध्ये कातडी पांढरी पडून फाटते त्या चिखल्याही बहुतेक वेळा याच जातीच्या.

अंगावर अचानक गांध्या उठल्या, इथल्या मावळल्या आणि तासाभरात तिथे उठल्या, तर आपण म्हणतो पित्त उठलं. चैत्र-वैशाखात पाठीवर, मानेवर मोहरीएवढे दाणे आले तर ते घामोळं. या दोन्ही खाजा बहुतेक आपल्या पायांनी येतात आणि आपल्या पायांनी जातात.

पाचवी खाज आपल्या भागातली सर्वांत फसवी. कातडीला बाहेरून काहीतरी लागतं आणि त्याची तिला चीड येते. डॉक्टर तिला संपर्कजन्य त्वचादाह म्हणतात, म्हणजे स्पर्शाने उठलेली आग. लागलेली वस्तू झाडाचा चीक असेल, सिमेंट असेल, फवारणीचं औषध असेल, नाहीतर कपाळाचं कुंकू. पण शेतकऱ्याच्या घरात पहिला संशय गाजर गवतावर घ्यावा.

गाजर गवत, म्हणजेच काँग्रेस गवत, इथलं नाही. ते मूळचं अमेरिका खंडातलं. आपल्याकडे ते 1950 च्या दशकात पुण्यात लोकांच्या नजरेत आलं. परदेशातून आलेल्या गव्हाबरोबर त्याचं बी आलं, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. आता बांध, गायरान, शाळेचं मैदान, मोकळा प्लॉट, कुठेही पहा. त्याच्या पानांवरच्या बारीक लवेत आणि परागकणांत पार्थेनिन नावाचं द्रव्य असतं, खाज उठवतं ते हेच.

या गवताला हात लावायचीही गरज नाही. वाळलेल्या गवताचा भुगा वाऱ्यावर उडतो आणि उघड्या अंगावर बसतो: चेहरा, मान, कोपरांच्या घड्या. उन्हाची खाज आणि गवताची खाज यांतला फरक पापण्यांवर कळतो. उन्हाची बाधा पापण्यांच्या घडीत आणि कानांमागे सहसा जात नाही, वाऱ्यावर आलेली धूळ मात्र तिथेही जाते. चेहरा लाल आहे, पापण्या सुजल्यात आणि कानामागेही खाजतंय, तर संशय गवताकडे वळवावा.

इथे एक वाक्य हमखास ऐकू येतं: “इतकी वर्षं उपटतोय, मला काही होत नाही.” ही बाधा पहिल्या दिवशी होतच नाही. शरीर आधी त्या द्रव्याची ओळख करून घेतं, कधी महिने, कधी वर्षं. मग एका पावसाळ्यात अचानक चीड सुरू होते आणि पुढे जन्मभर सोबत करू शकते. काल काही झालं नाही, यावरून आज काही होणार नाही असं ठरत नाही.

दुसरी पायरी धुण्याची. झाड, चीक, कूस, औषध, काहीही लागलं असलं तरी पहिला उपाय साबण आणि भरपूर साधं पाणी. जितक्या लवकर धुवाल तितकं बरं. अंगावरचे कपडे बदला आणि ते घरच्या धुण्यात टाकू नका, वेगळे धुवा. तेलगावच्या कारखान्याचं गाळप सुरू झालं की ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या हातांवर पाचटाचे ओरखडे आणि कूस दिसू लागते. त्यांनीही पाला शोधण्याआधी संध्याकाळी हात साबणाने धुवावेत.

टँकरच्या दिवसांत आंघोळीला पाणी कुठून आणायचं, हा प्रश्न इथे खरा आहे. पाणी तांब्याभरच असेल तर आधी हात, चेहरा, मान आणि जिथे लागलं ती जागा धुवा, बाकीचं अंग नंतर. पाणी कढत नको. कढत पाण्याने क्षणभर फार बरं वाटतं, पण त्याने कातडी कोरडी पडते आणि तासाभरात खाज दुप्पट होऊन परत येते.

खाजकुयली लागली तर मात्र चोळून धुवू नका. तिच्या शेंगेवरची कुसं चोळली की आणखी रुततात. आधी चिकटपट्टी लावून अलगद ओढा, दोन-चार वेळा नव्या पट्टीने तेच करा, मग धुवा.

फवारणीनंतरची खाज ही वेगळीच गोष्ट आहे. ती नुसती कातडीची असेल तर धुऊन भागतं. पण सोबत चक्कर, मळमळ, तोंडाला लाळ सुटणं, अंधुक दिसणं यातलं काही असेल, तर कोणताही काढा न करता औषधाची बाटली सोबत घेऊन थेट दवाखाना गाठा. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर माणसं गेली. विष कातडीतूनही आत जातं, श्वासातूनही जातं.

आता तिसरी पायरी, झाडाची ओळख. इथे नावंच आपल्याला फसवतात.

नायट्याला सांगतात तो टाकळा. आपल्याकडे त्याला तरोटा म्हणतात. पावसाळ्यात रानोमाळ उगवणारं गुडघाभर रोप, पानाच्या दांडीवर पानांच्या बहुधा तीन जोड्या, टोकाकडे रुंद होत जाणाऱ्या, पिवळी फुलं आणि कोयत्यासारख्या वाकलेल्या बारीक लांब शेंगा. संध्याकाळी त्याची पानं मिटतात. पण माळावर तरवडही असतो. तोही पिवळ्या फुलांचा, पण पुरुषभर झुडूप, चपट्या शेंगांचं, कातडी कमावायला त्याची साल वापरत. तरोटा आण म्हटलं की पोरं तरवड घेऊन येतात. पहिल्या खेपेला जाणत्या माणसाला सोबत न्या.

कडुलिंबाचा घोळ बकाणनिंबाशी होतो. कडुलिंबाच्या एका दांडीच्या दोन्ही बाजूंना विळ्यासारखी, दातेरी पानं थेट लागलेली असतात. बकाणनिंबाची दांडी आधी फाटे फोडते, मग त्या फाट्यांवर पानं येतात. फुलंही जांभळट असतात. बकाणनिंबाची फळं पोटात गेली तर विषारी, त्यामुळे हा फरक मुलांनाही शिकवून ठेवावा.

पाला कुठून तोडता, हेही पाहा. रस्त्याकडेच्या झाडावर धूळ आणि धूर बसलेला असतो, कापसाच्या बांधावरच्या झाडावर फवारा. अंगणातलं, देवळामागचं, शाळेच्या आवारातलं झाड बरं. तोडलेला पाला दोनदा धुवा.

चौथी पायरी तयारीची. एकेक घेऊ.

कडुलिंबाची कोवळी पण पूर्ण उमललेली पानं ओंजळभर घ्या, दोन-तीन लिटर पाण्यात झाकण ठेवून दहा-पंधरा मिनिटं उकळा. पाणी पिवळसर हिरवं झालं की गाळून कोमट होऊ द्या आणि आंघोळीच्या शेवटच्या बादलीत मिसळा. घामोळं, बारीक पुरळ, उन्हाळी खाज यांना त्याने उतार पडतो. हे पाणी त्याच दिवसापुरतं. काल उकळलेलं आज आंबूस होतं आणि त्यात जंतू वाढतात. पाला वाटून त्याचा लगदा अंगावर वाळवत बसण्यापेक्षा हे पाणी सौम्य आणि सोयीचं.

लिंब खरजेलाही लावतात. 1992 साली कडुलिंब आणि हळद यांचा लेप 814 खरजेच्या रुग्णांवर वापरल्याचा अभ्यास छापून आला, त्यात 97 टक्के लोक तीन ते पंधरा दिवसांत बरे झाल्याचं नोंदवलं आहे. आकडा मोठा आहे. पण शेजारी तुलनेला लेप न लावलेला किंवा दुसरं औषध दिलेला गट नव्हता, त्यामुळे त्यावर किती भार टाकायचा हा प्रश्न उरतो. माझं म्हणणं असं की खरजेसाठी डॉक्टर लिहून देतात ते पर्मेथ्रिनचं 5 टक्क्यांचं मलम घ्यावं. मानेपासून तळपायापर्यंत रात्रभर लावून सकाळी धुवायचं. घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं आणि आठवड्याने पुन्हा एकदा. लहान बाळं आणि गरोदर बायकांचं डॉक्टरांना विचारून. एकट्याने लावलं की चार दिवसांनी गोधडीतून किडा परत येतो, आणि आपण म्हणतो औषधात दम नाही.

तरोट्याचं संस्कृत नाव चक्रमर्द. चक्र म्हणजे नायट्याचं गोल कडं, ते मोडणारा तो चक्रमर्द. दुसरं नाव दद्रुघ्न, दद्रु म्हणजे नायटा. नाव ठेवणाऱ्यांनी उपयोग नावातच लिहून ठेवला. त्याच्या बियांत क्रायसोफेनिक आम्ल असतं, ते बुरशीला आवर घालतं. पिकलेल्या बिया चमचाभर घेऊन रात्रभर आंबट ताकात भिजवा, सकाळी बारीक वाटा आणि फक्त चट्ट्यावर, कडेच्या बाहेर बोटभर, पातळ थर द्या. वीसेक मिनिटांनी धुवा आणि जागा कोरडी करा. भांडं काचेचं किंवा स्टीलचं, तांब्या-पितळेचं नको, आंबट ताक त्याला खातं.

इथे लोक चुकतात ते जोर लावून. चट्टा आधी खरवडतात, मग लेप जाड थापतात, रात्रभर ठेवतात. हे द्रव्य कातडीला झोंबणारं आहे, जास्त वेळ राहिलं की नायटा राहतो बाजूला आणि भाजल्यासारखी जखम होते. जांघेत तर ते लावूच नये, तिथली कातडी पातळ. दोन आठवड्यांत चट्टा मागे हटला नाही तर थांबायचं.

कोरफड. ही सर्वांत सोपी वाटते आणि सर्वांत जास्त चुकीची वापरली जाते. पान कापलं की सालीखालून पिवळट, कडू पाणी गळतं. हाच रस आटवला की काळाबोळ होतो, तोच जो जुन्या बायका पोट साफ करायला वापरत. यात अॅलोइन असतं. ते कातडीला लागलं की अनेकांना आग होते, आणि मग कोरफड मला चालत नाही असं म्हणून माणूस मोकळा होतो. कोरफड चालते, तिचा पिवळा रस चालत नाही.

म्हणून बाहेरचं, जाड, दोन-तीन वर्षांच्या झाडाचं पान बुडाशी कापा आणि कापलेली बाजू खाली करून पेल्यात दहा-पंधरा मिनिटं उभं ठेवा. पिवळं पाणी निथळून जाईल. मग पान धुवा, काट्यांच्या कडा काढा, साल सोला आणि आतला काचेसारखा गर पुन्हा पाण्यात धुऊन घ्या. हा गर घामोळं, उन्हाने पोळलेली कातडी, चुलीचा हलका चटका यांवर लावा. फोड फुटलेली जखम, खोल भाजलेलं, पू झालेला भाग यांवर नाही. गर ताजाच वापरा, फार तर फ्रीजमध्ये दिवस-दोन दिवस.

हळद सगळ्यांना माहीत आहे, म्हणून एकच सांगतो: सुटी पिवळीजर्द पूड जखमेवर टाकू नका. पिवळेपणा वाढवायला भेसळ करतात. हळकुंडं आणा, घरी कुटा. वसमतच्या हळदीला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा चांगलं हळकुंड मराठवाड्यातच मिळतं. चिमूटभर पूड तिळाच्या नाहीतर खोबरेल तेलात कालवून सुक्या, खाजणाऱ्या जागी लावायची. ओल्या जखमेवर कोरडी पूड दाबली की तिची खपली होते आणि आत पू साचतो.

याच हळदीची एक हकिकत. जखम भरून आणण्यासाठी हळद वापरण्यावर 1995 साली अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या संशोधकांनी पेटंट मिळवलं होतं. भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, डॉ. रघुनाथ माशेलकर तिचे महासंचालक असताना, जुने ग्रंथ आणि लेख पुढे करून दाखवलं की यात नवं काही नाही, हे आमच्या घराघरांत आहे. 1997 साली ते पेटंट रद्द झालं. आजीचं शहाणपण कागदावर असलं की असं कामाला येतं.

पित्ताच्या गांध्यांना आमसूल. पाच-सहा आमसुलं वाटीभर पाण्यात तासभर भिजवून कुस्करा, ते पाणी गांध्यांवर लावा. थंडावा मिळतो, खाज शमते. पण पित्त कशाने उठलं ते शोधणं महत्त्वाचं: नवं औषध, डास, मासे, शेंगदाणे. ओठ किंवा जीभ सुजली, घशात आवळल्यासारखं झालं, श्वास लागला, तर आमसूल बाजूला ठेवा आणि 108 ला फोन करा.

दगडी पाला, ज्याला कंबरमोडी म्हणतात, तो खुरप्याच्या कापावर चोळून लावायची आपली जुनी रीत. रक्त थांबायला त्याने मदत होते. कापाला लावण्याआधी पाला धुवा, मातीसकट चोळू नका, आणि कितीही चांगला पाला लावला तरी धनुर्वाताचं इंजेक्शन चुकवू नका.

या पाल्याबाबत एक गोष्ट मी स्वतःच्या हातावर शिकलो. गाजर गवताने उठलेल्या खाजेवर मी तोच पाला चोळला आणि दुसऱ्या दिवशी हात कोपरापर्यंत सुजला. कारण नंतर कळलं. दगडी पाला आणि गाजर गवत एकाच कुळातले, सूर्यफुलाच्या. झेंडू, शेवंती, करडई, माका हेही त्यातलेच. एकाची चीड असलेल्या कातडीला दुसऱ्या भावकीचीही चीड येऊ शकते. तेव्हा गवताची बाधा असणाऱ्यांनी दगडी पाला, माक्याचं तेल, झेंडूचं मलम यांच्यापासून लांबच राहावं. हार गुंफतानाही सांभाळावं.

पाचवी पायरी चाचणीची, आणि ती कुणीही करत नाही. जे लावणार ते आधी कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर लावा. नेहमी जितका वेळ ठेवणार तितकाच वेळ ठेवून धुवा आणि दोन दिवस वाट पाहा. लगेच काही झालं नाही म्हणून खूष होऊ नका. संपर्काची चीड बहुधा एक-दोन दिवसांनी उठते. लाली, फोड, वाढती खाज दिसली तर ते झाड आपल्यासाठी नाही. शेजाऱ्याला चाललं, हा पुरावा नाही.

सहावी पायरी लावण्याची. एका वेळी एकच उपाय. सकाळी लिंब, दुपारी कोरफड, रात्री करंजाचं तेल असं केलं की गुण आला तर कुणाचा आणि बिघडलं तर कुणामुळे, काहीच कळत नाही. नखं कापा. सुती कपडे घाला. लावल्याची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि पाच ते सात दिवस द्या.

आता ज्यांना हात लावू नये त्यांच्याविषयी. मध्येच बिब्बा घालू नको, असं आपण म्हणतो, ते उगाच नाही. बिब्ब्याचा काळा चीक कातडीला लागला की ती फोडांनी भरते. बिब्बा उतला म्हणतात तो हाच. सांध्यांना, पोटदुखीला डाग देण्याची चाल अजून आहे, ती सोडायला हवी. रुईचा चीक काटा काढायला घालतात, पण त्याचा थेंब डोळ्यात गेला तर बुबुळ सुजून दिसणं अंधुक होतं. बालाघाटाच्या डोंगरात, धारूरच्या घाटात सीताफळं अमाप, बीडच्या सीताफळाला 2016 साली मानांकनही मिळालं. त्याच्या बियांची पूड उवांसाठी केसांत भरतात, आणि ती घामाबरोबर डोळ्यात उतरली की डोळा जातो की काय अशी आग होते. चुकून गेलीच, तर पंधरा-वीस मिनिटं स्वच्छ पाण्याने डोळा धुवत राहा आणि मग नेत्रतज्ज्ञ गाठा.

पोटात घ्यायच्या झाडांबद्दल थोडक्यात, कारण तिथे शेजाऱ्याने फार बोलू नये. पोट फुगलं तर ओवा-मीठ चावून खायला हरकत नाही. पाडव्याला लिंबाची चार पानं गूळ-हरभऱ्याच्या डाळीसोबत खातो, तेवढीच बरी, रोज पेलाभर रस नको. लिंबाचं तेल तान्ह्या बाळाच्या पोटात कधीही जाऊ देऊ नका, त्याने बाळांना झटके येऊन मेंदूला बाधा झाल्याच्या वैद्यकीय नोंदी आहेत. अडुळशातल्या व्हॅसिसिन या द्रव्यावरून खोकल्याचं ब्रोमहेक्सिन हे औषध घडवलं गेलं, म्हणजे आजीचा काढा निराधार नव्हता. पण गरोदरपणात तो घेऊ नये.

गुळवेल करोनाच्या काळात घरोघरी उकळली गेली. 2020 च्या अखेरीस मुंबईत यकृताला सूज आलेले सहा रुग्ण डॉक्टरांनी नोंदवले, सगळ्यांनी गुळवेल घेतली होती. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला, वेल दुसरीच असावी असंही म्हटलं गेलं. वाद बाजूला ठेवला तरी आपल्याला दोन गोष्टी घेता येतात: वेल ओळखून घ्या, आणि महिनोन्‌महिने घेऊ नका. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली तर त्याच दिवशी बंद. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरूच करू नका.

शेवटी, झाड बाजूला ठेवून दवाखान्यात केव्हा जायचं? ताप आला, पू झाला, लाली हातभर पसरली, डोळ्याभोवती फोड आले, रुग्ण तान्हं बाळ किंवा मधुमेही आहे, किंवा आठवड्यात फरक नाही. आणि एक चट्टा असा असतो जो खाजतच नाही: फिकट, कोरडा, टाचणी टोचली तरी न कळणारा. तो कुष्ठरोगाचा असू शकतो. त्याचं औषध प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतं आणि वेळेत घेतलं तर माणूस पूर्ण बरा होतो. माजलगावला ग्रामीण रुग्णालय आहे, त्याहून मोठं काही असेल तर अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय.

दवाखाना टाळून मेडिकलवरून ट्यूब आणणं हा मात्र तिसरा आणि सर्वांत वाईट मार्ग. नायट्याला देतात त्या कित्येक ट्यूबांत स्टेरॉइड असतं, म्हणजे शरीराची चीड दाबणारं द्रव्य. रात्रीतून खाज पळते आणि खाली बुरशी मोकाट पसरते. नेहमीच्या औषधांना दाद न देणारी नायट्याची बुरशी आपल्या देशात इतकी माजली, की 2020 साली तिला ट्रायकोफायटन इंडोटिनी असं वेगळं नाव मिळालं. नावात आपला देश आहे, अभिमान वाटावा असं त्यात काही नाही. बाजारात विकायला येणाऱ्या बिननावाच्या जडीबुटी मलमाने एका रात्रीत गुण दिला तर त्यातही हेच असल्याचा संशय घ्या.

आणि एक विनंती. दरवर्षी 16 ते 22 ऑगस्ट हा गाजर गवत निर्मूलन सप्ताह असतो, पण त्याची वाट पाहू नका. फुलोरा येण्याआधी, पाऊस पडून जमीन ओली असताना ते मुळासकट उपटा. बाह्या लांब, हातात मोजे नाहीतर प्लास्टिकची पिशवी, तोंडाला रुमाल. ज्यांना त्याची बाधा झालेली आहे त्यांना या कामावर पाठवू नका.